रात्री दीपगृहाचा फिरता झोत फोटोत कसा पकडायचा?

निळीवेळ:
नमस्कार मंडळी. समुद्रकाठच्या दीपगृहाचा रात्रीचा फोटो हवा आहे. नुसता मनोरा नको, आकाशात फिरणारा झोत ठसठशीत उमटायला हवा. ट्रायपॉड, रिमोट आणि २४-७० लेन्स आहे. ३० सेकंदांच्या एक्स्पोजरला वर पांढरा गोळा आणि भोवती नुसता धूसर उजेड येतो. डोळ्यांना मात्र झोत छान दिसतात. शटरचा वेळ आणखी वाढवू की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता)?

दर्यावरची:
शटर वाढवू नका, चांगलं कमी करा. आणि कॅमेरा लावण्याआधी थोडा वेळ नुसतं दिव्याकडे बघत बसा. प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची लय ठरलेली असते. रात्री दुरून बघणाऱ्या खलाशाला हे कोणतं दीपगृह ते ओळखता यावं म्हणून ती शेजारच्या दीपगृहापेक्षा मुद्दाम वेगळी ठेवतात. सागरी नकाशावर ती छापलेलीही असते. दोन चमकांमधले सेकंद मोजा, बाकी सगळं त्यावर ठरतं.

समजा दिव्याभोवती फिरणाऱ्या भिंगाला चार बाजू आहेत, प्रत्येक बाजूतून एक झोत निघतो आणि ते २० सेकंदांत एक फेरी मारतं. म्हणजे चमक दर ५ सेकंदांनी आणि झोताचा वेग सेकंदाला १८ अंश. ३० सेकंदांत दीड फेरी झाली, झोत सगळ्या आकाशावरून पुसला गेला. मग धूसर उजेडच येणार. अर्ध्या सेकंदात तो ९ अंशच सरकतो आणि त्याच्या कडा टिकतात. लेन्सचं छिद्र एफ/२.८ आणि आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा.

पांढरा गोळा होतो तो झोत थेट तुमच्यावर येतो तेव्हा. म्हणून शटर दोन चमकांच्या मधेच उघडून मिटलं पाहिजे. चार बाजूंच्या भिंगात अगदी मध्यावर क्लिक केलं तर पुढचे दोन झोत डावीउजवीकडे सारखे उघडलेले मिळतात. मला ती चौकट सगळ्यात आवडते आणि तिच्यासाठी मी कितीही वेळ थांबते.

अजून एक. हवेत थोडा दमटपणा हवाच. प्रकाश कशावर तरी विखुरल्याशिवाय झोत बाजूने दिसत नाही. लोक निरभ्र रात्रीची वाट बघतात, मी विरळ धुक्याची बघते.

तिपाई:
वरचं सगळं पटलं. फक्त दुसऱ्या दीपगृहावर जाल तेव्हा आधी चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी फिरतं भिंग काढून एलईडी दिवा बसवला आहे. तो चारी बाजूंना एकदमच उघडझाप करतो, तिथे फिरणारा झोत मिळणारच नाही.

मनोऱ्यासाठी सूर्यास्तानंतर आकाश निळं असतानाच एक फ्रेम घ्या. ट्रायपॉड न हलवता अंधार पडल्यावर झोताची घ्या आणि दोन्ही जोडा. कॅमेरा वर कलवलात तर मनोरा मागे झुकल्यासारखा दिसतो, त्यामुळे शक्य तितकं लांबून आणि कॅमेरा सरळ ठेवून.

निळीवेळ:
पण लांब गेलं तर झोत नीट येतील का?

दर्यावरची:
इथे मी थोडी वेगळ्या मताची आहे. झोत जवळपास आडवे जातात. मनोऱ्याच्या जवळ, खाली उभं राहिलात तर ते डोक्यावरून चाकाच्या आऱ्यांसारखे पसरतात. रुंद लेन्सने हेच घ्या, मनोरा थोडा झुकला तर झुकू दे.

खडकांवर उतरणार असाल तर भरतीची वेळ बघूनच. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचं पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं. परतीची वाट उजेडातच बघून ठेवा.

दिवसाही एक चक्कर मारा, टेलिफोटो घेऊन. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी घडवलेलं भिंग १८२३ साली फ्रान्समधल्या कॉर्दुआँच्या दीपगृहात पहिल्यांदा लागलं, आणि त्याच घडणीची भिंगं अजून काही ठिकाणी आहेत. मधलं गोल भिंग आणि त्याभोवती कड्यांवर कडी काचेचे लोलक, तिरप्या उन्हात एकेक कडी वेगळी दिसते. भर दुपारी कदाचित पडदे ओढलेले असतील, कारण तेच भिंग ऊन एकवटून आतलं सामान जाळू शकतं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी जा.

आणि लेन्सवर खारे तुषार बसले तर कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड हलकेच टिपा, मग कोरडं. ट्रायपॉडचे पायही घरी आल्यावर धुऊन घ्या.