इटलीतील युद्धस्मारकांच्या भेटीसंबंधी मदत हवी आहे

सस्नेह नमस्कार. आम्ही माणगाव तालुक्यातले. माझ्या वडिलांचे थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि १९४४ साली इटलीत कामी आले. घरी त्यांची एक तार तेवढी उरली आहे. पुढच्या वर्षी वडिलांना (वय ७८) घेऊन तिकडे जाण्याचा विचार आहे.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले आमच्याच तालुक्याचे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे यांचे नाव कॅसिनो या गावच्या, कबर ज्ञात नसलेल्या सैनिकांच्या स्मारकावर कोरलेले आहे, आणि माँतोने गावात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले, म्हणून ही दोन ठिकाणे नक्की आहेत. मात्र काकांचे नाव कॅसिनोला असेल, की दहन झालेल्या सैनिकांच्या फोर्ली येथील स्मारकावर, हे कसे शोधावे? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर आडनावाची रोमन अक्षरे जुळत नाहीत. त्या काळच्या कारकुनांनी आपल्या आडनावांचे काय काय केले असेल, देव जाणे.

रोमहून कॅसिनोला रेल्वे आहे, पण डोंगरमाथ्यावरच्या माँतोनेला वयस्कर माणसाने कसे जावे? तसेच या स्मारकांपाशी फुले वाहून नारळ ठेवलेला चालतो का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर कळवावे.