अनुभव धागा: सर्टिफिकेट एररनं तुम्हाला कुठं गाठलं?

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल पट्ट्यात कोड लिहून पोट भरणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. गिट, एनपीएम, पिप, ग्रेडल या कोड आणणाऱ्या-बांधणाऱ्या टूल्सपैकी कुणीतरी "सर्टिफिकेट" (सर्व्हरचं ओळखपत्र) म्हणून अडून बसतं आणि अर्धा दिवस जातो, हे सगळ्यांचंच. एरर जसा आला तसा लिहा आणि शेवटी कारण काय निघालं तेही लिहा. "तपासणी बंद केली, चाललं" हा अनुभव कृपया नको, तो प्रत्येकाकडे आहे!

राजारामपुरी, कॉलेजात लॅब सांभाळते

आमच्या लॅबमध्ये ब्राउझर झकास चालतो आणि एनपीएम इन्स्टॉल मारलं की "सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन". पोरं म्हणतात नेट खराब. नेट चांगलं आहे. कॉलेजचा फायरवॉल मध्ये बसून एचटीटीपीएस उघडून बघतो आणि स्वतःच्या सहीचं सर्टिफिकेट पुढं सरकवतो. त्या फायरवॉलचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्यावर बाकीच्या सह्यांचा विश्वास टेकतो ते मूळ, विंडोजमध्ये टाकलेलं असतं, म्हणून ब्राउझर गप्प. एनपीएम ज्याच्यावर चालतं तो नोड मात्र आपणहून विंडोजला विचारत नाही, विश्वासू रूटची यादी त्याच्या पोटातच असते.

म्हणून प्रत्येक टूलला वेगळं सांगावं लागतं. नोडसाठी 'नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स' या व्हेरिएबलमध्ये त्या रूटच्या फाइलचा पत्ता द्यायचा. विंडोजवर गिटला एसएसएल बॅकएंड 'एसचॅनेल' (विंडोजचाच) करून दिला की तो विंडोजचीच यादी वापरतो. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला तसंच 'रिक्वेस्ट्स_सीए_बंडल' हे व्हेरिएबल. पिपचं आता सोपं झालंय: २४.२ आवृत्तीपासून, पायथन ३.१० किंवा पुढचं असेल तर तो आपणहून सिस्टिमची यादी बघतो.

एक खोच सांगते. विंडोजमधून सर्टिफिकेट एक्स्पोर्ट करताना पहिला पर्याय डीईआर (बायनरी फाइल) असतो, पोरं तोच ठेवून नेक्स्ट-नेक्स्ट करतात. नोडला पीईएम (मजकुराची फाइल) लागतं, म्हणजे विंडोजच्या भाषेत बेस-६४. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. वर "बिगिन सर्टिफिकेट" अशी ओळ दिसली तर बरोबर, किडे-मुंग्या दिसल्या तर परत एक्स्पोर्ट. चुकीच्या फाइलवर नोड अडत नाही, एक वॉर्निंग देऊन पुढं जातो. ती ओळ स्क्रीनवरून वर गेली की मग शोधत बसा.

शाहूपुरी

भावा, आधी घड्याळ बघ. २०२१च्या पुरात माळ्यावर चढवलेला आमचा पीसी बरेच महिने तसाच पडून होता. खाली आणला तर गिट नाही, पिप नाही, ब्राउझरपण लाल. "सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड". मदरबोर्डवरचा सेल मेलेला, तारीख कैक वर्षं मागं गेलेली. सीआर२०३२ सेल घातला, तारीख लावली, विषय संपला.

गोकुळ शिरगाव, अँड्रॉइड

"पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड". म्हणजे जावाला विश्वासू रूटपर्यंत पोचता आलं नाही. हे वाक्य मला झोपेत पण ऐकू येतं. जावाच्या कीटूलनं कंपनीचं रूट 'सीएसर्ट्स' या जावाच्या विश्वासू रूटच्या फाइलमध्ये घातलं (पासवर्ड 'चेंजइट', कोणी बदलत नाही), तरी ग्रेडल सिंक होईना. कारण असं की मशीनवर जावा एक नव्हती. टर्मिनलमधली वेगळी, अँड्रॉइड स्टुडिओच्या फोल्डरमध्ये त्याची स्वतःची वेगळी, आणि प्रत्येकीची सीएसर्ट्स फाइल आपापली. मी एकीत भरत होतो, ग्रेडल दुसरीवर पळत होता. सेटिंगमध्ये ग्रेडलचा जेडीके (म्हणजे जावा) कुठला आहे ते बघून त्याच्यातच भरा. स्टुडिओ अपडेट झाला की आतली जावा नवी येते आणि आपण घातलेलं जातं, हेही लक्षात ठेवा.

कागल, सर्व्हरवाला

३० सप्टेंबर २०२१. गळीत हंगामाच्या तोंडावर एका कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडं होतं. त्या दिवशी काट्यावरून डेटा वर जायचा थांबला, एरर "सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड". साइटचं सर्टिफिकेट बघतो तर ताजं! लेट्स एन्क्रिप्टची (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) साखळी ज्या जुन्या रूटपर्यंत जात होती, तो डीएसटी रूट सीए एक्स३ त्या दिवशी संपला होता. नवा आयएसआरजी रूट एक्स१ मशीनवर होता, पण उबुंटू १६.०४ वरचं ओपनएसएसएल १.०.२ (सर्टिफिकेट तपासणारी लायब्ररी) सर्व्हरनं दिलेल्या साखळीच्या टोकापर्यंत जाऊन मेलेल्या रूटवरच आपटायचं. जवळच नवा रूट आहे, हे त्याला सुचायचंच नाही.

उपाय ऐकायला उलटा वाटेल: नवीन काही घालायचं नाही, जुना रूट काढायचा. सीए-सर्टिफिकेट्सच्या कॉन्फ फाइलमध्ये त्या ओळीआधी उद्गारचिन्ह द्यायचं आणि 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवायचं. काटा सुरू. नंतर आम्ही मशीनच बदललं, ते आधीच करायला हवं होतं असं मालक अजून ऐकवतात. बदलायला पैसे कोण देत नव्हतं, ते मात्र कोणी काढत नाही.

उद्यमनगर

क्रोममध्ये चालतं पण कर्लमध्ये (कमांड लाइनवरून साइट मागवणारं टूल) "अनेबल टू गेट लोकल इश्यूअर सर्टिफिकेट", असं असेल तर बहुतेक वेळा सर्व्हरनं मधलं, म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट दिलेलंच नसतं. क्रोम ते स्वतः शोधून आणतो, कर्ल नाही आणत. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये 'सर्ट'ऐवजी 'फुलचेन'ची (मधल्यासकट पूर्ण साखळीची) फाइल द्या.

धागाकर्ता

उद्यमनगरला जोड: ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट या कमांडला 'शोसर्ट्स' देऊन सर्व्हर नेमकं काय पाठवतोय ते बघता येतं. त्यातली इश्यूअरची (सर्टिफिकेट कुणी दिलं त्याची) ओळ वाचली की फायरवॉल आहे, अँटीव्हायरस आहे की खरा सर्व्हर, ते तिथंच कळतं. मी तरी ती ओळ वाचल्याशिवाय कुठल्या सेटिंगला हात लावू देत नाही.

गोकुळ शिरगाव, अँड्रॉइड

सर्टिफिकेटची मुदत किती कमी करणार आहेत म्हणे?

कागल, सर्व्हरवाला

जाहीर सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६पासून २००, २०२७च्या मार्चपासून १००, २०२९च्या मार्चपासून ४७. हातानं रिन्यू करणाऱ्यांचं काही खरं नाही. आणि नुसतं रिन्यू होऊन भागत नाही. सर्टबॉट (आपोआप रिन्यू करणारं टूल) नवी फाइल आणून ठेवतो, पण एन्जिनएक्स रीलोड झाला नाही तर तो मेमरीतलं जुनंच देत बसतो. रिन्यूनंतर चालणाऱ्या डिप्लॉय-हुकमध्ये रीलोड लिहा.

शाहूपुरी

कागलकर, ती हुकची ओळ इथं टाका की. आमचं बी रविवारी संपतंय.