भरतीसाठी बनवलेला युद्धखेळ कितपत खरा असतो?

वाटसरू:
अमेरिकी लष्कराने ‘अमेरिकाज आर्मी’ हा संगणकीय खेळ ४ जुलै २००२ रोजी, स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, सर्वांना फुकट खुला केला. १९९९ साली भरतीचे उद्दिष्ट हुकले, तेव्हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत मनुष्यबळाचा अभ्यास करणारे कर्नल केसी वॉर्डिन्स्की यांनी ही कल्पना मांडली होती. मे २०२२ मध्ये खेळ बंद होईपर्यंत त्याचे कौतुक एकाच गोष्टीसाठी होत राहिले, ती म्हणजे वास्तवदर्शन. ते कौतुक निराधार नव्हते. धाप लागलेली असताना नेम स्थिर राहत नाही, रायफल मध्येच अडकते आणि ती मोकळी करेपर्यंत शत्रू थांबत नाही. वैद्यकीय सहायक व्हायचे असेल तर वर्गात बसून व्याख्यान ऐकावे लागते आणि परीक्षा द्यावी लागते. प्रशिक्षकावरच गोळी झाडणाऱ्या खेळाडूची रवानगी खेळातच थेट लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात होते. मात्र गोळी शरीरात शिरल्यावर हा सारा काटेकोरपणा संपतो. लाल रंगाचा एक फवारा उडतो आणि माणूस खाली पडतो. किंकाळी नाही, तुटलेला अवयव नाही. बंदुकीबाबत इतके दक्ष असलेले लष्कर जखमेबाबतच हात आखडता घेते, हा मला योगायोग वाटत नाही.

तोफखाना:
आपला आक्षेप मला एकांगी वाटतो. भरतीच्या कोणत्या भित्तिपत्रकावर आजवर जखमी सैनिक दिसला आहे? दूरचित्रवाणीवरील जाहिरात तीस सेकंदांत ध्वज आणि हेलिकॉप्टर दाखवून मोकळी होते. हा खेळ निदान रटाळ सराव तरी करून घेतो. शिवाय बाजारातल्या इतर खेळांत मेलेला खेळाडू काही क्षणांत पुन्हा उठतो, येथे मात्र मेल्यावर डाव संपेपर्यंत मुकाट्याने इतरांचा खेळ पाहत बसावे लागते. रक्तमांस दाखवले असते तर आपणच म्हणाला असता की लष्कर मुलांना हिंसेची चटक लावते. आणि ज्या व्याख्यानांचा आपण उल्लेख केलात, त्यांच्या आधारे नॉर्थ कॅरोलायनातील एका खेळाडूने उलटलेल्या गाडीतील जखमींवर प्रथमोपचार केल्याची बातमी त्या काळी सर्वत्र छापून आली होती. खेळातील ज्ञान खरे होते, म्हणूनच ते रस्त्यावर उपयोगी पडले ना?

सदाफुली:
जखमांवर दोघेही फार वेळ घालवत आहात. त्याहून मोठी काटछाट दुसरीकडे आहे. या खेळात दोन गट समोरासमोर लढतात आणि दोन्ही गटांना आपण अमेरिकी सैनिकच आहोत असे दिसते. माझ्या पडद्यावर मी अमेरिकी आणि आपण शत्रू. आपल्या पडद्यावर नेमके उलटे. लष्कराच्या पैशाने बनलेल्या खेळात अमेरिकी सैनिकाला लक्ष्य करायला लावता येणार नाही, ही अडचण समजण्यासारखी आहे आणि तांत्रिकदृष्ट्या तिच्यावर काढलेली तोड चतुरही आहे. पण त्यामुळे लक्षावधी खेळाडूंपैकी एकालाही, घरात शिरणाऱ्या परक्या सैनिकाकडे पाहणाऱ्या माणसाची जागा एका डावापुरतीही घ्यावी लागली नाही. इराकमध्ये गेलेल्या मुलांना प्रत्यक्षात सर्वांत अवघड गेले ते हेच असणार: समोरचा शत्रू आहे की दूध आणायला निघालेला शेजारी, हे ओळखणे.

तेव्हा नेवाडा विद्यापीठात असलेले कलावंत जोसेफ डलॅप यांनी २००६ पासून याच खेळात ‘डेड-इन-इराक’ या नावाने प्रवेश करून शस्त्र खाली टाकले आणि इराकमध्ये मरण पावलेल्या अमेरिकी सैनिकांची नावे, वये आणि मृत्यूच्या तारखा संवादाच्या चौकटीत एकेक करून टंकल्या. इतर खेळाडू त्यांना गोळ्या घालत आणि हाकलून देत. खेळात काय गाळले होते, ते मला त्या नावांनी अधिक स्पष्ट केले.

तोफखाना:
डलॅप यांची कृती मला भिडते, पण तिने आपला मुद्दा सिद्ध होत नाही. फुटबॉलच्या मैदानात उतरून कुणी अपघातग्रस्तांची यादी वाचू लागला, तर खेळाडू त्याला बाहेरच काढतील.

सह्यकडा:
आपल्याकडेही हवाई दलाने जुलै २०१९ मध्ये मोबाइलवर एक खेळ आणला आणि त्यातील वैमानिकाच्या मिशा पाहून सर्वांना अभिनंदन वर्धमान आठवले. पण तुलना येथेच थांबवावी. सातारा-कोल्हापूरकडची मुले पहाटे १.६ किलोमीटरच्या धावेचा सराव करतात, ती कुणी खेळ दाखवला म्हणून नव्हे. पगार त्यांना ठाऊक असतो, आणि गावातले स्मारकही रोज दिसत असते. भरती दोन्हीकडे ऐच्छिकच आहे, पण अमेरिकेत नोकऱ्यांचे इतर पर्याय बरे आहेत, म्हणून तेथे ओढ निर्माण करावी लागते.

वाटसरू:
तोफखाना, जाहिरातीशी केलेली आपली तुलना मला मान्य नाही, कारण जाहिरात स्वतःला सराव म्हणवत नाही. वयाचा मुद्दा तर आपण टाळलाच आहे. हा खेळ तेरा वर्षांवरील मुलांसाठी योग्य ठरवला गेला होता, आणि लष्करात मात्र पालकांच्या संमतीनेही सतराव्या वर्षाआधी प्रवेश नाही. मधल्या चार वर्षांत मुलाला अडकलेली रायफल कशी मोकळी करायची ते कळते, जखम कशी दिसते ते कळत नाही.

तोफखाना:
तेरा वर्षांच्या मुलाला जखम दाखवावी, असे मी आजही म्हणणार नाही. ती जबाबदारी भरती अधिकाऱ्याची आहे आणि सही करण्यापूर्वी त्याने ती पार पाडली पाहिजे.

सदाफुली:
ज्या अधिकाऱ्याचे काम महिन्याचा आकडा भरून काढणे हेच आहे, त्याच्याकडून ही अपेक्षा?