जोर-बैठकांची नोंद नेमकी कशी ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार. गेले ५ महिने मी आठवड्यातून ३ दिवस, वजने न वापरता, जोर, बैठका, पुल-अप्स (दांड्याला लटकून शरीर वर खेचणे) आणि डिप्स (दोन्ही हातांवर शरीर तोलून खाली-वर होणे) असा व्यायाम करत असून त्याची नोंद फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये ठेवतो. अडचण अशी की वजन गुणिले आवर्तने (एखादी हालचाल किती वेळा केली ती संख्या) हे लोखंडी वजनांसाठीचे सूत्र येथे लागू पडत नाही. वजनाच्या रकान्यात शून्य लिहिले तर एकूण भार शून्य येतो. शरीराचे पूर्ण वजन लिहिले तर पुल-अप्सचा हिशेब बराचसा जुळतो, पण साध्या जोरात हातांवर सुमारे दोन तृतीयांशच भार येत असल्याने आकडा फुगतो. बाल्कांवातल्या (घरापुढच्या पडवीतल्या) बाकावर पाय ठेवून जोर काढले की तो भार पुन्हा वाढतो, आणि ही वाढ नोंदीत कुठेच दिसत नाही.

केवळ आवर्तने लिहूनही पाहिले. मे महिन्यात ७२ किलो वजनावर ६ पुल-अप्स होत होते, आता ६९ किलोवर ८ होतात. यात ताकद किती वाढली आणि वजन घटल्याचा वाटा किती, हे मला कळत नाही. दुखापत काही नाही. पावसाळ्यात मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणे होत नसल्याने सगळा व्यायाम घरीच होतो, व्यायामशाळेत जाण्याचा विचार नाही, आणि पैसे भरून घ्यायचे ॲपही नको आहे.

प्रकार, पायांची उंची, खाली येण्याचा वेग आणि त्या दिवशीचे वजन यांपैकी नेमके कोणते रकाने ठेवले, तर दोन महिन्यांच्या नोंदींची तुलना प्रामाणिकपणे करता येईल?