चेस्मा जिंकणारं रशियन आरमार त्सुशिमाला कसं काय बुडालं?

विडीघरकुलचा_अभ्यासू: राज्यसेवेचा अभ्यास करतोय. अभ्यासिकेत काल यावरून तासभर वाद झाला. रशियाने १७७० ला चेस्मा आणि १८५३ ला सिनोप, दोन्हीकडे तुर्कांचं आरमार जाळलं. मग १९०५ मध्ये त्सुशिमाच्या समुद्रात नवख्या जपानने त्यांचा एवढा धुव्वा कसा उडवला?

निवृत्त_नाविक: बाळा, आधी नकाशा उघड. आपल्या सोलापूरचे सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, होटगी, हिप्परगा, चारही तळ्यांत तुझ्या नावा आहेत असं समज. होटगीत भांडण लागलं तर हिप्परग्यातली नाव काय कामाची? रशियाचं दुखणं हेच, ताफे वेगवेगळ्या समुद्रांत विखुरलेले. ब्रिटनच्या चहूकडे समुद्र, ताफा हवा तिथे गोळा करता येतो. १९०४ ला रशियाचा काळ्या समुद्रातला ताफा तुर्कस्तानच्या सामुद्रधुनीच्या करारांमुळे बाहेरच पडू शकला नाही. बाल्टिकवाले ऑक्टोबरात निघाले ते आफ्रिकेला वळसा घालून, सुमारे १८,००० सागरी मैल. वाटेत स्वतःचं एक बंदर नाही, डेकवरही कोळशाचे ढीग. पूर्वेकडच्या ज्या पोर्ट आर्थर या रशियन नौदल तळासाठी निघाले, ते जानेवारीतच पडलं.

आणि तळाला चढणारं शेवाळ! मी रशियन बनावटीच्या जहाजावर अकरा वर्षं काढली. गोदीत जहाज कोरडं केलं की तळाला शिंपल्यांचा हा थर. खरवडताना हातमोजे फाटून बोटं सोलायची. तेवढ्यानेही वेग पडतो. हे तर सात महिने पाण्यात होते. २७ मेला गाठ पडली, जपानी अ‍ॅडमिरल टोगोची जहाजं घरच्या पाण्यात, सराव करून तयार. जपानच्या फक्त तीन टॉर्पेडो बोटी बुडाल्या.

ज्योती_बाळे: काका, तळी कालव्यांनी जोडलीत की! व्होल्गा-डॉन नद्या जोडणारा कालवा १९५२ चा. आणि २०१५ ला कॅस्पियनमधल्या छोट्या बोटींनी थेट सीरियावर क्षेपणास्त्रं सोडली.

निवृत्त_नाविक: खरं आहे ताई, छोट्या बोटींना कमी लेखू नये. ४ डिसेंबर १९७१ ला निपात, निर्घात, वीर या रशियन बनावटीच्याच बोटींनी आपण कराची पेटवली. त्या मुळात किनारा राखायला बांधलेल्या, आपल्या पोरांनी हल्ल्याला नेल्या. त्याचा अभिमान आजही वाटतो. पण कालव्यातून क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, जात नाही. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात रशियाची क्रूझर ‘मॉस्क्वा’ बुडाली. तिच्याच जातीच्या दोन क्रूझर त्या वर्षी भूमध्य समुद्रात होत्या, पण तुर्कस्तानने १९३६ च्या माँत्रो कराराने सामुद्रधुनी बंद केलेली. तिची जागा घ्यायला एकही आत जाऊ शकली नाही.