अनुभव धागा: काचेमागचा समुद्र पाहिलाय का?

आपल्या विदर्भात मासा म्हणजे बोडीतला (शेतातल्या लहान तळ्यातला), तलावातला, नाहीतर बाजाराच्या दिवशी टोपलीतला. समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसा. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय (१९५१ सालचं) ज्यांनी पाहिलं, त्यांनी लिहा. माझं थोडक्यात: २०१५ मध्ये नवं रूप मिळाल्यावर गेलो होतो. १२ फुटांचा काचेसारखा बोगदा, डोक्यावरून मासे. पोरगा छत्री उघडायला निघाला होता!

भंडारा जिल्हा
आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. पंचवीसेक वर्षांआधी आज्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं होतं. पट्टी निघाल्यावर म्हटलं, चला, मासे दाखवतो.
तिकिटाच्या खिडकीशीच अडला. "पैसे देऊन पाहाचे, अन् खाले नाही भेटत?"
आत मात्र गप्प. रंगीत माशांकडे ढुंकून पाहिलं नाही, नजर टाकीच्या तळाशी. "हे बुडबुडे काहून सोडतेत रे?" म्हटलं, माशांना पाण्यात हवा मिळावी म्हणून. "मंग आपली मरळ बरी. वर येते, आपली हवा आपण घेऊन जाते."
खरंच आहे ते. मरळ वरची हवा घेते, म्हणून तर बोडी आटत आली तरी चिखलात तग धरते. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, आज्यानं त्या टाकीसमोर सांगितलं.
पुढे सापासारखा लांब मासा दिसला, तसा ओरडला, "हे तर वाम!" शेजारी एक कोकणातले काका उभे होते, तेही म्हणाले, "वामच." दोघं खूश. आता कळतं की त्यांची वाम खाऱ्या पाण्यातली, आपली गोड्या, दोघींचं नातंही जवळचं नाही. पण दोघं रस्सा कसा करायचा यावर अर्धा तास बोलले. आज्याला मुंबईतलं तेवढंच आवडलं.

वर्धा, शिक्षिका
सहलीत समुद्रघोड्याच्या टाकीवर लिहिलेलं मुलांना वाचून दाखवलं, की अंडी नर आपल्या पोटाच्या पिशवीत सांभाळतो. परत आल्यावर एका मुलीनं घरी सांगितलं, तर आजी म्हणाली, "मास्तरीण काहीबी शिकवते." दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन घरी जावं लागलं. आजीला चित्र पटलं, मजकूर नाही.

यवतमाळ
आम्ही सोमवारी पोचलो. सोमवारी बंद असायचं, हे विचारायचं सुचलंच नाही, चूक आमचीच. मग चौपाटीवर गेलो. धाकट्यानं समुद्राचं पाणी चाखलं आणि थू थू करत म्हणाला, "यात मीठ कोणं टाकलं?"

गोंदिया
करोनात ते बंद झालं आणि आमचं राहूनच गेलं. लेक अजून विचारते. परवा तिला गावच्या मामा तलावावर (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावावर) नेलं. मरळीची पिल्लं लालसर गोळाच्या गोळा होऊन वर येतात, खाली आई-बाप राखण करतात. पोरगी तासभर हलली नाही. कोणाला दाखवायचं असेल तर पहिल्या पावसानंतर या, रोवणीच्या (भातलावणीच्या) आधी. रोवणी लागली की घरी कोणी भेटणार नाही.