मदत हवी आहे: ६१७४ ला जास्तीत जास्त सातच पायऱ्या का?
दादरला आठवीच्या मुलांना कापरेकर स्थिरांक शिकवतेय: चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करायची, आणि उत्तरावर हेच करत राहिलं की जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत (पायऱ्यांत) ६१७४ येतं. फळ्यावर २०२५ घेतलं: ५२२० वजा ०२२५ म्हणजे ४९९५, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या वजाबाकीला ६१७४. (सुरुवातीचं शून्य धरलंय, चारही अंक सारखे असलेल्या संख्या वगळल्यात.) देवळालीच्या एका शाळामास्तरांनी हे शोधलं म्हटल्यावर वर्ग नुसता उसळला! लगेच प्रश्न, "बाई, सातच्या पुढे कधीच जात नाही?"

अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरले तर फरक ९९९(अ−ड) + ९०(ब−क) येतो, म्हणजे (अ−ड, ब−क) अशा ५४ जोड्याच उरतात. त्या वहीत तपासल्या, सात पुरतात. पण मुलांना कारण हवंय. प्रोग्रॅम नको, बीजगणित आठवीपुरतंच. सगळ्या जोड्या न तपासता सातची मर्यादा सिद्ध करता येते का?